रुतलेली गाडी आणि ओढायचा दोर

उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की शिरूर आणि दौंड या आपल्या दोन तालुक्यांत रात्री-अपरात्री एक आवाज हमखास कानी पडतो. ट्रॅक्टरचे इंजिन जीव खाऊन गर्जते, चाक जागच्या जागी गरगरते, आणि चार-दोन माणसे एकदम ओरडतात, "थांब, थांब!" फडात भरलेला ट्रेलर रुतलेला असतो. मग कुणी वस्तीवरून दुसरा ट्रॅक्टर आणतो, कुणी विहिरीवरच्या चेनकप्पीची साखळी काढून आणतो, कुणी पिवळा दोर आणतो, आणि जे हाती लागेल ते एकमेकांना जोडून ओढाओढ सुरू होते. बहुतेक वेळा गाडी निघते. पण एखाद्या वेळी आकडा तुटतो, आणि तुटलेला आकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. तो चिखलात जाईल की माणसाच्या अंगात, हे कुणाच्याच हाती राहत नाही. म्हणून रुतलेली गाडी काढण्याची साधने कोणती ठेवावीत आणि ती कशी पारखून घ्यावीत, एवढ्याच विषयावर आज बोलायचे आहे.

आधी आपली जमीन पाहू. शिरूर तालुक्याचा पश्चिमेकडचा भाग, म्हणजे पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई हा टापू, हलका आणि मुरमाड. तिथे गाडी रुतली तर ओढ्याच्या वाळूत रुतेल. पण पूर्वेला भीमा आणि घोड नदीच्या काठाने मांडवगण फराटा, इनामगाव या बाजूला यावे, किंवा भीमा ओलांडून दौंड तालुक्यात राहू बेट, पारगाव, नानगाव, खाली देऊळगाव राजे इकडे यावे, म्हणजे काळ्या कसदार जमिनीचा पट्टा लागतो. ही काळी उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी प्याली की फुगते. वरचा थर सुकून पांढुरका दिसतो, माणूस चालला तर पाय बुडत नाही, आणि त्याच्याखाली वीतभर लोणी! माणसाचे वजन तो थर पेलतो. दहा टनांचा ट्रेलर आला की चाक सरळ आत.

ऊस तोडण्यापूर्वी १५ ते २० दिवस पाणी तोडावे, ही शेतकीखात्याची जुनी शिफारस. ती उताऱ्यासाठी सांगितलेली आहे, पण वाहतुकीलाही तितकीच हिताची. अडचण अशी की तोडीची पाळी आपल्या सोयीने येत नाही. टोळी येते ती कारखान्याच्या कार्यक्रमाने, आणि शेजारच्या शेतातली चारी पाझरत असते ती तिच्या मर्जीने. तेव्हा गाडी रुतणार, हे धरूनच चालावे.

आता वजनाचा हिशेब करू, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर असतात. एकात आठ-दहा टन ऊस, शिवाय ट्रेलरचे स्वतःचे सुमारे दोन टन. एक ट्रेलर म्हणजे दहा-बारा टन झाले. अमेरिकी लष्करात रुतलेल्या गाड्या काढणाऱ्या पथकांसाठी एक ठोकताळा घालून दिलेला आहे. चाके चिखलात बुडाली असतील तर गाडीच्या एकूण वजनाइतकी ओढ लागते. मडगार्डापर्यंत बुडाली तर दुप्पट. म्हणजे आपला ट्रेलर काढायला दहा-बारा टनांची ओढ हवी. आणि आपल्याजवळ काय आहे? पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन सुमारे दोन टन. घट्ट जमिनीवर तो फार तर दीड टनाची ओढ देतो, ओल्या जमिनीवर त्याहून कमी. दोन ट्रॅक्टर जुंपले तरी तीन टनांच्या वर जाणे कठीण.

मग प्रत्यक्षात गाडी निघते कशी? हिसक्याने निघते. दोर ढिला सोडायचा, ट्रॅक्टर थोडा मागे घ्यायचा आणि धावत येऊन झटका द्यायचा. हा झटका किती मोठा असतो याची कल्पना सहसा येत नाही. दोन टनांचा ट्रॅक्टर ताशी पाच किलोमीटरने, म्हणजे माणूस भराभर चालतो त्या वेगाने, पुढे येतो आहे असे समजा. मागचा ट्रेलर हलला नाही आणि साखळीने फक्त दोन सेंटिमीटर ताणून त्याला थांबवला, तर साखळीवर येणारा सरासरी भार जवळजवळ दहा टन होतो. तोच ट्रॅक्टर दोराने वीस सेंटिमीटर ताण खाऊन थांबवला, तर भार एक टन. ट्रॅक्टर तोच, वेग तोच. फरक फक्त दोराच्या ताणण्याचा. जुन्या मोटेचा नाडा आणि बैल यांची जोडी या बाबतीत शहाणी होती. जास्त भार आला की नाडा करकरत असे आणि बैल आपणहून थांबत असे. इंजिनाला दुखत नाही.

म्हणून माझ्या यादीत दोर पहिला नाही. पहिले आहे फावडे. दोन चांगली फावडी, एक टिकाव, एक पहार, आणि लाकडाच्या चार जाड फळ्या. फळ्या चार-पाच फूट लांब, फूटभर रुंद, दोन इंच जाड, बाभळीच्या मिळाल्या तर उत्तम. चाकापुढची माती उभी कापली तर चाकाला पायरी चढावी लागते. उताराने, लांबवर खरडून काढली तर चाक हळूच वर येते. आसाखाली माती टेकलेली असेल तर ती आधी काढावी, नाहीतर आस नांगरासारखा जमीन धरून बसतो. चाकामागच्या चिखलात पहार घालून हवा आत जाऊ द्यावी; काळी माती चाकाला चोखून धरते, ती पकड सुटते. फळ्या, बाभळीच्या फांद्या, दगड, मुरूम हे सारे चाकापुढे चालते. सुके पाचट मात्र चालत नाही. चाक ते मागे फेकून देते आणि पुन्हा तिथेच फिरत राहते.

आणि दुसरे साधन कुठल्याच दुकानात मिळत नाही. ऊस उतरवणे. हे बोलले की सगळ्यांचे चेहरे पडतात, आणि का पडतात हे समजण्यासारखे आहे. टोळीने दिवसभर तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावर वाहून तो ट्रेलर भरलेला असतो. पुन्हा उतरवणे, पुन्हा भरणे, त्याचे पैसे कोण देणार? ड्रायव्हरला खेप गाठायची असते. शेतकऱ्याला वाटते, तोडलेला ऊस दिवसागणिक वजनात उतरतो आहे. संवाद साधारण असा होतो:

"तात्या, निम्मा ऊस खाली घेऊ, मग निघंल."

"अरे बाबा, पोरं दमलीत. अजून एक ट्रॅक्टर लाव की पुढं."

"लावतो. पण साखळी तुटली तर?"

"मागच्या वर्षी तुटली का? मग!"

या "मग" मध्येच सगळा घोटाळा आहे. साखळी मागच्या वर्षी तुटली नाही, पण एक-दोन कड्या लांबल्या असतील, त्या कुणी पाहिल्या नाहीत. निम्मा ऊस उतरवला की लागणारी ओढ जवळपास निम्मी होते. तो तास-दीड तासाचा उशीर आहे. शेतकरी, ड्रायव्हर आणि मुकादम यांनी हंगामाच्या सुरुवातीलाच बोलून ठरवावे की रुतलेला ट्रेलर उतरवायची वेळ आली तर त्या श्रमाचे काय द्यायचे. ऐन रात्री, चिखलात उभे राहून ही घासाघीस होत नाही. आणि ती टाळण्यासाठीच साखळी ताणली जाते.

एवढे केल्यावर मग दोराकडे वळू. बाजारात चार प्रकार दिसतात. त्यांची कामे वेगळी आहेत.

पहिला, पिवळा किंवा निळा प्लॅस्टिकचा दोर. आपण त्याला सरसकट नायलॉन म्हणतो, पण बहुतेक वेळा तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो. ओळखायची सोपी युक्ती आहे. वीतभर तुकडा पाण्याच्या घमेल्यात बुडवून, पिळून, हवा काढून टाका आणि सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर नायलॉन असण्याचा संभव. हा तरंगणारा दोर उन्हात कडक होतो, त्याचा भुसा पडू लागतो. बैल बांधायला, ताडपत्री आवळायला तो चांगला. गाडी ओढायला घेऊ नये.

दुसरा, खरा नायलॉनचा विणलेला जाड दोर. जंगलात, वाळवंटात जीप चालवणारे हौशी लोक हा वापरतात आणि दुकानात तो कायनेटिक दोर म्हणून मिळतो. तो आपल्या लांबीच्या पाव भागापर्यंत, काही तर त्याहूनही अधिक ताणतात. म्हणजे हिसक्याचा भार तो पोटात घेतो आणि सावकाश परत देतो. पिकअप, जीप, रिकामा ट्रॅक्टर यांना हा उत्तम. पण ध्यानात घ्या, ताणलेला दोर हा ताणलेल्या गोफणीसारखा असतो. त्याच्या टोकाला लोखंडी आकडा लावलात तर गोफणीत दगड घातल्यासारखेच झाले. याला आकडा लावू नये, साखळीचा तुकडाही जोडू नये.

तिसरा, क्रेनवाले वापरतात तो पॉलिएस्टरचा रुंद पट्टा. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे हा आपल्याकडे सहज मिळतो. त्याच्या रंगावरून त्याची ताकद कळते. जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, राखाडी चार, तांबडा पाच. हे आकडे तुटण्याचे नाहीत, रोज निर्धास्त वापरायचे आहेत. पट्टीवर शिवलेली चिठ्ठी वाचून खात्री करावी. हा फारसा ताणत नाही, म्हणून हिसक्याला उपयोगी नाही. सावकाश ओढायला आणि झाडाला वेढा घालायला हा चांगला. लिंबाच्या झाडाला साखळी आवळली तर सालीत खोबणी पडते आणि झाड वाळते. पट्ट्याने साल वाचते. कारखान्यातून काढून टाकलेले पट्टे स्वस्तात विकायला येतात. ते ज्या अर्थी तिथे काढून टाकले त्या अर्थी आपणही घेऊ नयेत.

चौथा, पोलादी तारांचा दोर. सोळा मिलिमीटर जाडीचा, पोलादी गाभ्याचा चांगला दोर सुमारे पंधरा टनांना तुटतो, म्हणून त्याच्यावर तीन टनांचा भार धरावा. तुटण्याची मर्यादा आणि वापरायची मर्यादा यांत पाचपट अंतर ठेवतात, ते उगाच नव्हे. गंज, मुरड, गाठ, हिसका हे सारे त्या अंतरात खपून जाते. या दोराला गाठ मारायची नसते. टोकाला फासा करून क्लिपा आवळायच्या असतात, निदान तीन. क्लिपेचे दोन भाग असतात: एक वाकडा, घोड्याच्या नालासारखा बोल्ट, आणि दुसरी खोबणीची बैठक. खोबणीची बैठक ओढ घेणाऱ्या लांब दोरावर आणि वाकडा बोल्ट तोकड्या टोकावर यायला हवा. उलट लावली तर बोल्ट ओढ घेणारा दोरच चेचतो. दहा ठिकाणी पाहाल तर पाच ठिकाणी क्लिपा उलट लावलेल्या दिसतील.

साखळीबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे सगळ्यांचा भरवसा तिच्यावर आहे. जाडी पाहून साखळी घेण्याची रीत आहे, ती चुकीची. पोलाद कोणते, हे जाडीपेक्षा महत्त्वाचे. ज्या साखळीच्या कड्यांवर ठरावीक अंतराने ८, ८० किंवा टी८ असा ठसा असतो ती मिश्र पोलादाची, उष्णसंस्कार केलेली. अशी दहा मिलिमीटरची साखळी ३.१५ टनांच्या वापराला आणि तेरा मिलिमीटरची ५.३ टनांच्या वापराला चालते. बिनठशाच्या साखळीबद्दल तिच्या दुकानदारालाही काही ठाऊक नसते. ठशाच्या साखळीला वेल्डिंग करू नये. पोलादाचा पाण चढवलेला असतो, तो उतरतो आणि सांध्याशेजारी ती ठिसूळ होते. तुटलेल्या दोन साखळ्या नटबोल्टने जोडायची आपल्याकडची सवय तर सर्वांत वाईट. बोल्ट कापला गेला की त्याचे दोन तुकडे दोन बाजूंना उडतात.

साखळी सावकाश ओढीची आहे, झटक्याची नाही. ती ताणतच नाही, हे मघाच्या हिशेबात आपण पाहिलेच.

जोडायला शॅकल वापरावा. धनुष्याच्या आकाराचा, बनावट ओतीव नव्हे, घडीव पोलादाचा, आणि अंगावर टनांचा आकडा उठवलेला. ४.७५ टनांचा शॅकल अंगाने एकोणीस आणि पिनेला बावीस मिलिमीटर असतो. पिकअपला तो पुरतो. ट्रेलरसाठी ८.५ टनांचा घ्यावा, त्याची पिन अठ्ठावीस मिलिमीटरची. मूळ पिन हरवली तर तिच्या जागी बोल्ट घालू नये, शॅकलच बाद करावा. ओढ त्याच्या सरळ रेषेत यावी. आडवी, काटकोनात आली तर ताकद निम्मी राहते.

इतके सगळे बळकट घेतले आणि ते अडकवले गाडीच्या पत्र्याला, तर काय उपयोग? पिकअपच्या बंपरला, ट्रेलरच्या कठड्याला, जेसीबीच्या बादलीच्या दातांना दोर अडकवलेले आपण नेहमी पाहतो. दातावरून दोर निसटतो, कठडा वेल्डिंगसकट उपटतो. ओढ नेहमी चौकटीवर, म्हणजे चासीवर, घ्यावी. हंगाम सुरू होण्याआधी ट्रेलर रिकामा असताना पुढे आणि मागे, चासीला, जाड पोलादाचा डोळा नीट वेल्डिंग करून बसवून घ्यावा. काम एका दुपारचे आहे. चिखलात पालथे पडून जागा शोधण्यापेक्षा ते सोपे. आणि दोन ट्रेलर एकदम ओढू नयेत. पिन काढावी, ट्रॅक्टर बाहेर घ्यावा, मग एक एक ट्रेलर काढावा.

ओढणाऱ्या ट्रॅक्टरबद्दल आता एक गोष्ट सांगतो, ती कृपा करून नीट ऐकावी. दोर फक्त मागच्या खालच्या ड्रॉबारलाच अडकवायचा. वरच्या लिंकेला, आसाला, सीटखालच्या कुठल्याही उंच जागी नाही. उंचावर अडकवला की ओढ लागताच ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाते आणि तो मागच्या आसाभोवती उलटतो. तोंड उचलू लागल्यापासून सावरण्याची वेळ निघून जायला सुमारे पाऊण सेकंद लागतो. क्लच दाबायचे मनात येईपर्यंत तेवढा वेळ संपतो.

हाच धोका रुतलेल्या ट्रॅक्टरलाही आहे. चाक फिरते पण पकड मिळत नाही, म्हणून मागच्या दोन्ही चाकांना आडवे लाकूड साखळीने बांधायचे आणि पुढचा गियर टाकायचा, अशी एक रीत रूढ आहे. लाकूड जमिनीत अडकले की चाक फिरायचे थांबते. आणि चाक फिरले नाही तर इंजिनाची सगळी ताकद ट्रॅक्टरलाच चाकाभोवती फिरवते. ड्रायव्हर खाली आणि ट्रॅक्टर वर. ही रीत सोडून द्यावी. रुतलेला ट्रॅक्टर स्वतःहून निघत असेल तर मागे, रिव्हर्समध्ये काढावा. त्यात उलटण्याचा धोका पुष्कळ कमी असतो, आणि ज्या वाटेने तो आला ती जमीन निदान पाहिलेली असते.

आता एक साधन असे सांगतो जे आपल्या खेड्यांत क्वचित दिसते आणि माझ्या मते सर्वांत आधी दिसायला हवे. दांडा मागेपुढे हलवून पोलादी दोर बोटाबोटाने पुढे ओढणारे हातयंत्र. टिरफोर या नावाने ते ओळखले जाते. बांधकामावर, विजेचे खांब ओढायला वापरतात. १.६ टन ओढीचे यंत्र एका माणसाच्या हाताने चालते. त्याला हिसका माहीतच नाही. शिवाय चांगल्या यंत्रात मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या पिना असतात. भार जास्त झाला की त्या कापल्या जातात आणि दांडा निकामी होतो, पण दोर तुटत नाही, माणूस वाचतो. बदलायच्या पिना सोबतच मिळतात. त्यांच्या जागी खिळा ठोकून बसवणारे बहाद्दर आहेत, त्यांच्यापासून यंत्र लांब ठेवावे.

त्याला जोड म्हणून एक उघडझाप होणारी कप्पी घ्यावी. दोर झाडापासून निघून रुतलेल्या गाडीवरच्या कप्पीतून वळून परत झाडाकडे आणला की ओढ जवळजवळ दुप्पट होते, घर्षणात थोडी जाते. मात्र कप्पीच्या शॅकलवरही दुप्पट भार येतो, हे विसरू नये. तो त्याच मापाचा हवा.

झाड नसेल तिथे? ऊसपट्ट्यात बांधावरची झाडे कमी झाली आहेत, तेव्हा हा प्रश्न येतोच. मीटरभर खोल, आडवा चर खणावा, त्यात बाभळीचा ओंडका आडवा पुरावा, ओंडक्याच्या मध्याला दोर बांधून तो तिरक्या चरातून वर काढावा आणि माती तुडवून भरावी. घट्ट रानात असा ओंडका मोठा भार धरतो. ओल्या काळीत नाही. चर कोरड्या बांधाकडे खणावा.

नदीकाठाकडे थोडे वळतो. भीमेच्या आणि घोडच्या पात्रात वाळू उपशाचे जुने खड्डे आहेत, पाणी आले की दिसत नाहीत. पात्रातून गाडी घालण्याआधी माणसाने काठी घेऊन चालून पाहावे. वाळूत पिकअप फसली तर दोराआधी चाकातली हवा कमी करावी. ३५ पौंड असेल तर रिकाम्या गाडीची १८-२० पर्यंत उतरवावी. चाक पसरते, वाळूवर तरंगते, आणि अनेकदा गाडी आपणहून निघते. नंतर हळू चालवावे आणि डांबरी रस्ता लागताच हवा भरावी. यासाठी हवा मोजायचा गेज आणि छोटा पंप गाडीत असावा. दोघांची किंमत एका टायरपेक्षा पुष्कळ कमी आहे.

क्रेन, म्हणजे आपण जिला हायड्रा म्हणतो ती, बोलावली तर आधी डोक्यावर पाहावे. शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा लोंबलेल्या असतात.

आता माणसांविषयी. दोर ताणला असताना त्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी असू नये. दहा मीटरचा दोर असेल तर पंधरा मीटर. दोर कप्पीतून वळत असेल तर त्या वळणाच्या आतल्या बाजूला तर मुळीच नाही. दोर ओलांडू नये, त्याच्यावर पाय देऊ नये. दोराच्या मध्यावर एक बारदान टाकावे, आत दोन-चार घमेली ओली माती भरलेले. नाहीतर जुनी जाड गोधडी ओली करून टाकावी. दोर तुटलाच तर ते वजन त्याला खाली खेचते. ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरची मान दोराच्या सरळ रेषेत असते आणि त्याच्या मागे काच किंवा जाळी नसते. हे बारदान मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

हुकूम एकाचाच चालावा. दहा जण ओरडले की ड्रायव्हर कुणाचे ऐकणार? रात्री बॅटरीच्या खुणा ठरवाव्यात आणि एकाच्याच हाती शिट्टी असावी. फडाजवळ टोळीच्या कोप्या असतात. बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या या माणसांची मुले ट्रॅक्टरची गंमत पाहायला धावत येतात आणि नेमकी पुढे उभी राहतात. ओढ सुरू करण्याआधी एका बाईमाणसाला सांगून मुलांना कोपीपर्यंत नेऊन बसवावे. नुसते "ए, लांब व्हा रे" म्हटले की ती दोन पावले मागे सरतात, आणि पुन्हा पुढे येतात.

ही सगळी सामग्री एकट्याने घेणे जड जाईल. पण गावात दहा-बारा ट्रॅक्टरमालक असतात, विविध कार्यकारी सोसायटी असते. एक हातयंत्र, दोन कप्प्या, वीस मीटर पोलादी दोर, एक नायलॉनचा दोर, झाडासाठी एक पट्टा, चार शॅकल, चार फळ्या आणि फावडी असा एक संच गावात, रात्री उघडता येईल अशा जागी ठेवावा. किल्ली कुणाकडे आहे हे टोळीच्या मुकादमालाही माहीत असावे. वही ठेवावी आणि नेताना-आणताना सही घ्यावी. वहीचा उपयोग चोरीपेक्षा दुसराच आहे: एखाद्या खेपेला दोरावर फार ताण आला, हे पुढच्या माणसाला कळते.

वापरून झाल्यावर दोर आणि पट्टा साध्या पाण्याने धुवावा, चिखलातले बारीक खडे धाग्यांच्या आत शिरून ते कापत राहतात. मग सावलीत वाळवून, गुंडाळी करून टांगावा. डिझेलच्या कॅनजवळ किंवा बॅटरीच्या आम्लाजवळ ठेवू नये. पोलादी दोर हातमोजे घालून हाताळावा, त्यातल्या तुटक्या तारा तळहातात घुसतात. एका ठिकाणी तारा तुटून वर आल्या असतील, दोर चपटा झाला असेल किंवा मुरडून त्याला कोन पडला असेल तर तो बाद. साखळीची कडी दशांशाने झिजली, लांबली किंवा शेजारच्या कडीत मोकळी फिरेनाशी झाली की साखळी बाद. आणि बाद केलेली साखळी किंवा दोर अख्खा भंगारात देऊ नये. गॅसकटरने त्याचे हातभर तुकडे करावेत. अख्खा दिला तर पंधरा दिवसांनी तोच आपल्याला दुसऱ्याच्या ट्रॅक्टरमागे ताणलेला दिसतो.